रंगीत प्लॅटफॉर्म गेमचं परीक्षण: पडल्यावर काय होतं, ते आधी लिहा

चाळीसगावच्या एका वाचकाने विचारलंय: "मी 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'चं परीक्षण मराठीत लिहिलं. रंग सुंदर, संगीत गोड, मुलांना आवडेल, पाचपैकी साडेचार. मित्र म्हणाला, हे तर डब्याकडे बघूनही लिहिता येतं. बहिणीने विचारलं, माझी सहा वर्षांची मुलगी हा खेळू शकेल का? मला सांगता आलं नाही. असे गेम मला सोपे जातात, त्यात खोट सापडत नाही. मग लिहायचं काय?"

भाऊ, बहिणीचा प्रश्न धरून ठेवा, परीक्षण त्यातूनच उभं राहील. प्लॅटफॉर्म गेमची, म्हणजे उड्या मारत, खड्डे ओलांडत पुढे जायच्या गेमची अडचण अशी की परीक्षण लिहिणाऱ्याचा हात बसलेला असतो. पैसे देणारे असतात आई-बाप किंवा मामा. खेळणारी असतात सहा-आठ वर्षांची पोरं, त्यांची मोठी भावंडं आणि रविवारी कधी तरी घरातलं एखादं मोठं माणूस. तुमच्या हातात गेम सरळ पळतो, म्हणून त्याचा अर्धा भाग तुम्हाला दिसतच नाही. खड्ड्यात पडल्यावर किती मागे जावं लागतं, तीच चूक पाचव्यांदा झाली की गेम काही मदत करतो का, मागे राहिलेल्याला बाकीचे ओढून नेतात की सोडून जातात, हे पडणाऱ्यालाच कळतं. म्हणून गेम किती देखणा आहे हे नंतर बघा. घरातला सगळ्यात कच्चा खेळाडू पडतो तेव्हा गेम त्याच्याशी कसा वागतो, हे आधी शोधा.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या सुरुवातीलाच वेगळ्या काढा. मूल पाच वर्षांचं आहे की नऊ, घरात दोन कंट्रोलर आहेत की चार, टीव्हीवर खेळणार की हातातल्या पडद्यावर, गेम आडव्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणारा आहे की चारी बाजूंना फिरता येणारा थ्रीडी. एकाच गेमबद्दल दोन घरांत दोन उलटी मतं निघतात ती याच कारणांनी, आणि दोन्ही खरी असतात. तुमचं मत कोणत्या घरातलं आहे ते सांगितलं की वाचणारा आपल्या घराशी ताडून बघतो.

आता चाचणी. मी तीन लेव्हल निवडतो: एक अगदी सुरुवातीची, एक मधली, एक शेवटाकडची. 'वंडर'मध्ये लेव्हलवर अवघडपणाचे तारे छापलेले असतात, एकपासून पाचपर्यंत, त्यामुळे निवड सोपी जाते. एक तारा, तीन तारे, पाच तारे अशा घ्या. खेळाडूही तीन तऱ्हेचे: एक तुम्ही, एक सहा ते आठ वर्षांचं मूल आणि एक असं मोठं माणूस ज्याने कंट्रोलर फारसा धरलेलाच नाही. वहीत प्रत्येकासाठी चार रकाने पुरतात: कुठे पडला, कशामुळे पडला, पुन्हा हालचाल करता येईपर्यंत किती सेकंद गेले, आणि तिथून किती अंतर पुन्हा कापावं लागलं.

यातला दुसरा रकाना सगळ्यात मोलाचा आहे. 'कशामुळे' याची उत्तरं ढोबळ मानाने चार निघतात. दिसलं नाही, दिसलं पण हात उशिरा गेला, बटण चुकलं, किंवा काय करायचं हेच कळलं नाही. 'हात उशिरा गेला' यात गेमचा दोष नाही, ते सरावाने जातं. 'दिसलं नाही' आणि 'कळलं नाही' हे मात्र बहुतेक वेळा बनवणाऱ्यांच्या अंगावर जातं. एकाच जागी तिन्ही खेळाडू 'दिसलं नाही' म्हणत पडले, तर परीक्षणात लेव्हलचं नाव घेऊन ती जागा सांगा. असा एक नेमका दाखला दहा विशेषणांपेक्षा जास्त कामाचा असतो.

मुलाच्या मागे बसा, शेजारी नको. शेजारी बसलं की बोट आपोआप पडद्याकडे जातं आणि "आता उडी मार" हे शब्द तोंडातून निघतात. ते निघाले की चाचणी संपली, कारण मग गेम तुम्ही शिकवताय. गेम स्वतः काय शिकवतो ते बघायचं आहे. आणि मुलाला "आवडला का?" असं विचारू नका. पाहुण्याला मुलं "हो"च म्हणतात. वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी प्यायला उठवा, कंट्रोलर गादीवर ठेवा आणि कोण परत उचलतं ते बघा. मोठं माणूस स्वतःहून परत उचलत असेल, तर ती गोष्ट परीक्षणात पहिल्या परिच्छेदात येण्याइतकी मोठी आहे.

आता उडी. प्लॅटफॉर्म गेमचा जीव उडीत असतो, पण 'कंट्रोल मस्त आहेत' एवढ्याने वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. चार गोष्टी तपासा. बटण हलकं दाबलं तर छोटी आणि धरून ठेवलं तर मोठी उडी होते का? हवेत असताना दिशा बदलता येते का, आणि किती? जमिनीला टेकण्याच्या जरासं आधी बटण दाबलं तर गेम ते लक्षात ठेवून टेकल्याबरोबर उडी घेतो का? आणि कड्यावरून पाय सुटल्यावर क्षणभर उशिरा दाबलेलं बटण तो मानून घेतो का?

ही शेवटची सवलत लहान मुलांसाठी फार महत्त्वाची आहे. मूल कड्याच्या टोकापर्यंत थांबतं आणि मग दाबतं. काटेकोर गेममध्ये तोवर पाय सुटलेला असतो. मूल म्हणतं "मी दाबलं होतं", आणि ते खोटं बोलत नसतं. 'सेलेस्ट' या २०१८ च्या गेमच्या निर्मात्यांनी खेळाडूच्या हालचालीचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्यात ही सवलत ०.१ सेकंद ठेवलेली आहे, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या) हिशोबाने ६ फ्रेम. तो गेम अवघड म्हणून ओळखला जातो, तरी हात योग्य वेळी गेला की तो दगा देत नाही, त्यामागे अशाच सवलती आहेत. तुमच्या गेममध्ये ही सवलत आहे का ते बघायला सावकाश चालत कड्यावरून जा आणि पाय सुटल्यावर मुद्दाम जरा उशिरा बटण दाबा. असं दहा वेळा करा. दहापैकी सात-आठ उड्या लागत असतील तर गेम मुलांच्या हाताला समजून घेतो.

उडी 'जड' किंवा 'उशिरा' वाटत असेल, तर गेमला दोष देण्याआधी टीव्ही तपासा. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोणत्याही भाषेतल्या हौशी परीक्षणांत ही चूक सर्रास दिसते. बहुतेक टीव्ही चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून प्रत्येक फ्रेमवर काम करतात आणि त्यात वेळ जातो. काही टीव्हींवर तो १०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, तेव्हा बटण आणि उडी यांत सहा फ्रेमचा फरक पडला. सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' सुरू करा आणि चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. मग पुन्हा खेळून बघा. ब्लूटूथ साउंडबार किंवा हेडफोन असेल तर तो काढून टीव्हीचाच आवाज लावा. 'रेमन लेजंड्स'मध्ये गाण्याच्या ठेक्यावर उड्या मारायच्या लेव्हल आहेत. तिथे आवाज मागे पडला तर चांगला खेळाडूही ठेका चुकतो.

आकडा हवा असेल तर मोबाइल पुरतो. कॅमेऱ्यात २४० फ्रेमचं स्लो-मोशन असेल तर अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत येतील असा फोन टेकवून ठेवा आणि दहा उड्या चित्रित करा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण पूर्ण दाबलं गेल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४० च्या चित्रणात एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची, म्हणजे २४ फ्रेम निघाल्या तर १०० मिलिसेकंद. दहाही आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांची सरासरी घ्या. हा आकडा टीव्ही आणि गेम दोघांचा मिळून असतो, म्हणून तो एकटा छापू नका. त्याच टीव्हीवर, त्याच मोडमध्ये, तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या गेमचा आकडा काढा आणि दोन्ही शेजारी द्या. निन्टेन्डोच्या स्विच या मशीनचं कॅप्चर बटण मात्र या कामाला निरुपयोगी आहे. ते शेवटची ३० सेकंद ठेवतं, पण सेकंदाला ३० फ्रेमनेच, आणि बटण कधी दाबलं ते त्यात दिसत नाही.

थ्रीडी गेम असेल तर आणखी एक चाचणी हवीच: आपण कुठे उतरणार हे उडी मारताना कळतं का? पात्राच्या बरोबर खाली गडद सावली पडत असेल तर कळतं. सावली फिकी असेल किंवा सूर्याप्रमाणे तिरकी पडत असेल, तर नवा माणूस फळीच्या पुढे नाही तर मागे उतरतो. 'अ‍ॅस्ट्रो बॉट'मध्ये उडीनंतर तरंगताना पायांतून सरळ खाली किरण निघतात. ते शत्रूला लागतात हे खरं, पण आपण नेमके कशाच्या वर आहोत हेही त्यांच्यामुळे दिसतं. अशी सोय लक्षात आली तर जरूर लिहा. हात बसलेल्या माणसाला ती दिसत नाही, नव्याला मात्र तिच्यामुळेच जमतं.

आता सगळ्यात भरलेला भाग, एकत्र खेळणं. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, घरात मामे-आते भावंडांची गर्दी होते आणि दुपारी उन्हात बाहेर सोडायची सोय नसते. चार खेळाडूंच्या गेमची यापेक्षा चांगली परीक्षा नाही. 'चार जणांना खेळता येतं' ही ओळ मात्र अर्धवट आहे, कारण चार जणांत खेळणं म्हणजे काय, हे प्रत्येक गेममध्ये वेगळं असतं.

२००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये खेळाडू एकमेकांना धडकतात. एकाच्या डोक्यावर दुसरा उडी मारतो, धक्का लागून तिसरा खड्ड्यात जातो. काही घरांत याच धिंगाण्याची मजा येते, काही घरांत पंधरा मिनिटांत रडारड. २०२३ च्या 'वंडर'मध्ये हे काढून टाकलंय. खेळाडू एकमेकांच्या आरपार जातात, फक्त योशी या डायनोसॉर पात्राच्या पाठीवर दुसऱ्याला बसता येतं. 'रेमन लेजंड्स'मध्ये भावंडं एकमेकांना फटके मारू शकतात. पण पडलेला खेळाडू फुग्यात बसून तरंगत परत येतो, दुसऱ्याने फुगा फोडला की खेळात, आणि तिथे मोजके जीव नावाचा प्रकारच नाही. 'सॅकबॉय: अ बिग अ‍ॅडव्हेंचर'मध्ये काही लेव्हल दोन किंवा जास्त खेळाडूंशिवाय खेळताच येत नाहीत. एकुलत्या एका मुलासाठी गेम घेणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवं. 'कर्बी अँड द फरगॉटन लँड' दोघांचा, त्यात दुसऱ्याला ठरावीक पात्रच मिळतं. 'अ‍ॅस्ट्रो बॉट' तर एकट्याचाच. २०२४ मध्ये त्याला 'द गेम अवॉर्ड्स'चा वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान मिळाला, तो कितीही गोड असला तरी चार भाचरांच्या घरात एक कंट्रोलर आणि तीन तोंडं फुगलेली, हे चित्र बदलत नाही. "मेलं की दुसऱ्याची पाळी" असा नियम तिथे घरानेच करावा लागतो, आणि लेव्हल छोट्या असल्या तर तो चालतो. लेव्हल साधारण किती मिनिटांची आहे हे म्हणूनही नोंदवावं.

कॅमेरा कोणाच्या मागे जातो, हे जरूर तपासा. 'वंडर'मध्ये एकाच्या डोक्यावर मुकुट असतो आणि पडदा त्याच्यामागे सरकतो. मागे पडलेला पडद्याबाहेर गेला की भूत होतो. पाच सेकंदांत त्याने दुसऱ्या जिवंत खेळाडूला स्पर्श केला तर तो परत येतो, नाही तर जीव जातो. मुकुट दहा वर्षांच्या उत्साही पोराकडे असला की सहा वर्षांची मुलगी लेव्हलभर भूत होऊन फिरते. तो गेमचा बिघाड नाही, पण पालकाला सांगण्यासारखी गोष्ट आहे. चाचणी घेताना सगळ्यात धिटाच्या आणि सगळ्यात कच्च्याच्या हातात आळीपाळीने पुढारीपण द्या आणि प्रत्येक वेळी धाकट्याचे किती जीव गेले ते मोजा.

तुमच्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. 'वंडर'मध्ये बारा पात्रं आहेत. त्यातले चार रंगांचे योशी आणि नॅबिट यांना शत्रूकडून इजा होत नाही. खड्ड्यात पडले तर मात्र जीव जातो, आणि शक्ती देणाऱ्या वस्तूंनी त्यांचं रूप बदलत नाही. योशीला हवेत पाय मारत उडी लांबवता येते. शिवाय बॅज नावाची सोय आहे: एक बॅज टोपीचं पॅराशूट करून हळू उतरवतो, एक खड्ड्यात किंवा लाव्ह्यात पडल्यावर वर उसळी देतो. लेव्हलला वेळेचं घड्याळ नाही, त्यामुळे मूल एका जागी थांबून विचार करू शकतं. तेव्हा सहा वर्षांची मुलगी योशी घेऊन, मोठ्या कोणाच्या सोबतीने एक-दोन ताऱ्यांच्या लेव्हल खेळू शकेल. तिच्या उड्याच चुकत असतील तर उलटं करा: योशी होणाऱ्याच्या पाठीवर दुसरा बसतो, म्हणून मोठ्याने योशी व्हावं, तिने दुसरं पात्र घ्यावं आणि अवघड खड्डा आला की तिला पाठीवर घेऊन पार करावं. शक्तीची वस्तू घेऊन हत्ती व्हायचं असेल तर मात्र तिला मारिओ, पीच, डेझी असं कोणी तरी घ्यावं लागेल. हे मुलांना लगेच कळतं आणि तिथे हट्ट होतो, म्हणून हेही लिहा.

इतर गेममध्येही अशी मदत वेगवेगळ्या नावांनी लपलेली असते. 'कर्बी'त सोपा मोड घेतला तर जीवनपट्टी मोठी मिळते, 'योशीज क्राफ्टेड वर्ल्ड'मध्ये सोप्या मोडला पंख मिळतात, 'सुपर मारिओ ओडिसी'त मदतीचा मोड पडद्यावर बाणांनी वाट दाखवतो. नुसतं 'सोपा मोड आहे' असं लिहून थांबू नका. तो मधेच चालू-बंद करता येतो का, दोन खेळाडूंपैकी एकालाच लावता येतो का, आणि लावल्यावर गेम बक्षीस कमी करतो का, हे तिन्ही बघा. मोठ्या मुलाला मदत लागल्याची लाज वाटते. गेम ती मदत पात्राच्या निवडीत मिसळून देतो की पडद्यावर पाटी लावून देतो, याने फार फरक पडतो. माझ्या मते 'वंडर'ची पात्रांची पद्धत यात उजवी आहे.

थोडक्यात इथवरचं: कोण पडला आणि का, उडीत किती सवलत, चौघांत धाकट्याचं काय. एवढ्या नोंदी झाल्या की तुमच्या परीक्षणाचा मोठा भाग तयार आहे.

रंगांबद्दल आता लिहा, पण 'सुंदर' हा शब्द शेवटी ठेवा. या गेममध्ये रंगांचं पहिलं काम असतं, पाय ठेवायची जागा, धोका आणि पार्श्वभूमी एकमेकांपासून वेगळी दाखवणं. स्क्रीनशॉट काढा, फोनच्या सेटिंगमधून पडदा कृष्णधवल करा आणि तोच स्क्रीनशॉट बघा. शत्रू तरीही उठून दिसतो का? फळी आणि मागचा डोंगर एकाच करड्या रंगात मिसळतात का? मिसळत असतील तर लेव्हल फक्त रंगछटेवर चालली आहे. लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्याला ती त्रासाची, आणि दुपारी खिडकीतून उजेड पडलेल्या टीव्हीवर सगळ्यांनाच त्रासाची. चार खेळाडूंची पात्रं एकाच आकाराची आणि फक्त रंगाने वेगळी असतील तर "मी कुठे आहे?" हा प्रश्न किती वेळा ऐकू येतो ते मोजा. लाल आणि हिरवा योशी दोन पोरांनी घेतले की हे ऐकू येतंच. आणि हे सगळं ३२ इंची टीव्हीवर आठ-दहा फुटांवरून बघा, कारण घरात तसंच बघतात. हातातल्या स्विचचा पडदा ६.२ इंचांचा, त्याच्या ओएलईडी मॉडेलचा ७ इंचांचा, त्यात चौघांनी डोकं घालून खेळणं मी कोणाला सुचवणार नाही.

मराठी वाचकासाठी लिहिताय तर भाषेचा मुद्दा सोडू नका. गेम मराठीत किंवा हिंदीत नसला, तर इंग्रजी वाचता न येणारं मूल कुठे अडेल? 'अ‍ॅस्ट्रो बॉट'मध्ये जवळजवळ सगळं चित्रांनी आणि हालचालींनी सांगितलंय. 'रेमन'मध्येही खेळताना वाचायचं फार थोडं असतं. 'वंडर'मधली बोलकी फुलं इंग्रजीत चिवचिवतात, ते कळलं नाही तरी अडत नाही, पण बॅज काय करतो हे एकदा कोणी तरी वाचून सांगावं लागतं. चाचणीत मुलाने कोणत्या पडद्यावर "हे काय लिहिलंय?" विचारलं, ते नोंदवा. मराठी माध्यमाच्या पोरांच्या आई-वडिलांना ही माहिती इंग्रजी परीक्षणांत कधीच मिळत नाही.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पीएस५ (सोनीचं प्लेस्टेशन ५) आणि स्विच दोन्ही बनवणाऱ्यांनी वापरासाठी ५ ते ३५ अंश ही हद्द सांगितली आहे. भर दुपारी बंद खोलीत मशीनचा पंखा घोंगावतोय, गेम अडखळतोय किंवा मशीन बंद पडतंय, अशा वेळी घेतलेली निरीक्षणं गेमच्या खात्यावर मांडू नका. तीच लेव्हल पहाटे किंवा रात्री थंड वेळी पुन्हा खेळा. तेव्हाही अडखळली तर ती गेमची खोट. कूलरच्या झोतात मशीन ठेवायचा मोह टाळा, तो झोत ओला असतो. मागे आणि बाजूंना चार बोटं मोकळी जागा पुरे.

दुसरी गोष्ट लाइट. लाइट गेली की पीएस५ तिथेच विझतो. स्विच टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमध्ये असला तरी बॅटरीवर चालू राहतो, टीव्ही गेला तर मशीन उचलून हातात खेळता येतं. म्हणून गेम कुठे सेव्ह करतो हे आपल्या वाचकासाठी कामाचं आहे. पण ते तपासायला प्लग खेचू नका. सेव्ह चालू असताना वीज तोडली तर फाइल खराब होऊ शकते. लेव्हलच्या मधे, चेकपॉइंट (पडल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) पार केल्यावर, होम मेनूतून गेम बंद करा, पुन्हा उघडा आणि कुठून सुरू होतो ते बघा. चेकपॉइंटपासून, लेव्हलच्या सुरुवातीपासून की त्याही मागून, एका ओळीत लिहा.

वयाचं चिन्ह आणि खरेदी यांबद्दल थोडक्यात. डब्यावरचं 'पेगी ३' किंवा 'पेगी ७' हे चिन्ह गेममध्ये काय दाखवलंय त्यावरून दिलेलं असतं, गेम किती अवघड आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही. हे वाक्य परीक्षणात असूच द्या, कारण '३' बघून तीन वर्षांच्या मुलासाठी गेम घेणारे आहेत. गेमच्या आत पैसे मागितले जातात का, अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय आहे का, हे तपासा. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नसल्यामुळे स्विच आणि त्याचे गेम आयात होऊन येतात, किंमत दुकानागणिक बदलते आणि वॉरंटीचं आधी विचारून घ्यावं लागतं. तुम्ही कितीला, कधी, डबा घेतला की डाउनलोड, ते लिहा. डब्यातली कार्ट्रिज पुढे विकता किंवा भाच्याला देता येते, डाउनलोड खात्याला चिकटलेलं राहतं. कॉम्प्युटरवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेणाऱ्याला सांगा की खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. तेवढ्यात कच्च्या खेळाडूकडून पहिल्या दोन-तीन लेव्हल खेळवून घ्याव्यात.

लिहायला बसताना पहिल्याच परिच्छेदात सांगा: कोणत्या मशीनवर, किती जणांनी, कोणत्या वयाच्या, कुठपर्यंत खेळले, आणि गेम विकत घेतला की कोणी दिला. मग सगळ्यात ठळक निरीक्षण. तुमची 'संगीत गोड, मुलांना आवडेल' ही ओळ मी अशी लिहीन: "पहिल्या जगातल्या एका लेव्हलमध्ये वंडर फूल घेतलं की पाइपमधली मांसाहारी झाडं बाहेर येऊन गात-नाचत चालू लागतात. त्यांच्यासोबत पुढे जायचं असतं. शिकवणीची पाटी कुठेच नाही, तरी काय करायचं ते मुलांना पाहूनच कळतं." यात विशेषण एकही नाही आणि वाचणाऱ्याला गेम दिसतो. अशा गमती फोडायच्या असतील तर पहिल्या जगातली एखादीच फोडा. 'वंडर'ची निम्मी मजा पुढे काय होईल हे माहीत नसण्यात आहे, आणि ती वाचणाऱ्याच्या मुलांची आहे.

खोट सापडत नाही असं म्हणालात. तुमच्या वहीत ती सापडेल, तुमच्या हातात नाही सापडणार. मुकुटामुळे मागे पडणारी धाकटी, आडव्या धरलेल्या एका जॉय-कॉनवर (स्विचच्या छोट्या कंट्रोलरवर) मोठ्यांच्या बोटांची होणारी ओढाताण, चौघांच्या गर्दीत हरवणारं पात्र, पाच ताऱ्यांच्या लेव्हलमध्ये कंट्रोलर खाली ठेवणारं मूल. यातल्या ज्या तुमच्या चाचणीत खरोखर दिसल्या तेवढ्याच लिहा. न दिसलेली खोट समतोलासाठी घालू नका.

आणि गुण. भरीत 'पाचपैकी साडेचार' म्हटलं तर ते लहान पोराला चालेल इतकं तिखट आहे की नाही ते कळत नाही, तसंच गेमचं आहे. मी एक आकडा देत नाही, घरागणिक निकाल देतो. 'वंडर'साठी तो असा होईल: एकटा खेळणारा आठ-दहा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, जरूर घ्या. सहा वर्षांचं मूल आणि सोबत खेळायला तयार असलेलं मोठं माणूस, जरूर घ्या, दोघांपैकी एकाने योशी व्हावं. सहा वर्षांचं मूल एकटंच खेळणार असेल, तर आधी कोणाकडे तरी खेळवून बघा. चार भावंडं आणि दोनच जॉय-कॉन असतील, तर गेमच्या किमतीत आणखी दोन जॉय-कॉनची किंमत धरून मग ठरवा. आकडा द्यायचाच असेल, तर प्रत्येक घरासाठी वेगळा द्या.